साप पोट टेकतो तिथलं तापमान

पत्राचा सारांश: चोवीस वर्षांच्या एका वाचक मुलीकडे दीड वर्षापासून बॉल पायथन या लहान, बिनविषारी अजगराची मादी आहे. तीन फुटी काचपेटी, उजव्या भागात तळाच्या काचेखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), मॅटला थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला वीज चालू-बंद करणारं यंत्र) जोडलेला आणि पेटीत चार इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचं तापमान ओळखणारं टोक, त्या कोकोपीटवर नुसता ठेवलेला. काचेला चिकटवलेला काट्याचा गोल थर्मामीटर २७ अंश सेल्सिअसच्या वर जाईना, म्हणून तिनं सहा आठवड्यांपूर्वी थर्मोस्टॅट ३२ वरून ३४ वर नेला. त्यानंतर पाच आठवडे सापानं काही खाल्लेलं नाही. उजवीकडच्या लपणीत तो जात नाही, डाव्या कोपऱ्यात पडून असतो आणि कधी कधी पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो. आता तिनं टेम्परेचर गन (न टेकवता पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं उपकरण) आणली. ती कोकोपीटवर ३४ दाखवते, पण कोकोपीट बाजूला सारून तळाच्या काचेवर धरली तर ४३. डाव्या बाजूचा डिजिटल थर्मामीटर म्हणतो २५. "कोणाचं खरं मानू? नेमका किती आकडा लावू? रात्री पेटीत लोकरीचं कापड घालू का? दादा म्हणतो, जंगलात कोण थर्मामीटर लावतं? मी मात्र रात्री दोन-तीनदा उठून आकडे बघते. मला साप सांभाळता येत नाही का?"

पुढचं वाचण्याआधी उठा आणि हीट मॅटचा प्लग काढा.

खोलीत २२-२३ अंशांच्या वर ऊब असेल तर एखादा दिवस मॅटवाचून तिला काही होणार नाही. पाच आठवडे पोटात काही गेलेलं नाही, त्यामुळे अर्धवट पचलेलं अन्न आत कुजण्याची भीतीही आज नाही. पण ४३ अंशांच्या काचेवर ती रात्रभर पोट टेकून राहिली तर भाजेल. म्हणून आधी प्लग, मग वाचन.

प्लग काढलात की तिला हलक्या हातानं उचलून पोटाकडची बाजू चांगल्या उजेडात बघा. पोटाचे आडवे, रुंद खवले एकसारखे फिकट आणि कोरडे दिसायला हवेत. कुठं गुलाबी-लालसर पट्टा, तपकिरी डाग, पाण्यानं भरलेले फोड किंवा ओलसर, सैल झालेले खवले दिसले तर ते भाजणं असू शकतं. भाजल्याच्या खुणा कधी कधी काही दिवसांनी उमटतात, म्हणून आज काही दिसलं नाही तरी आठवडाभर एक दिवसाआड बघत राहा. काही आढळलं तर घरातलं मलम लावू नका, फोड फोडू नका. कोकोपीट काढून साधा पांढरा कागद अंथरा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. सापाचं भाजणं बाहेरून दिसतं त्यापेक्षा खोल असू शकतं आणि त्यात जंतुसंसर्ग लवकर होतो.

आता तुमचा पहिला प्रश्न, कोणाचं खरं मानू. माझ्या मते तुमची उपकरणं एकमेकांशी भांडत नाहीयेत. चौघांनी चार वेगवेगळ्या जागा मोजल्या आणि चार वेगवेगळी उत्तरं दिली, इतकंच. काचेवरचा काट्याचा थर्मामीटर पेटीच्या भिंतीचं तापमान सांगतो, आणि तेही अर्ध्या उंचीवरच्या भिंतीचं, जिची दुसरी बाजू खोलीतल्या हवेला लागलेली आहे. साप तिथं कधी जात नाही. शिवाय हे काट्याचे थर्मामीटर मुळातच दोन-चार अंश इकडेतिकडे असतात. हीट मॅट हवा फारशी तापवत नाही, ती आपल्यावरची जमीन तापवते. तेव्हा तुम्ही थर्मोस्टॅट कितीही वाढवला असता तरी त्या भिंतीवरचा काटा जेमतेम हलला असता. त्या काट्याकडे बघून तुम्ही मॅट वाढवत गेलात. तिची काळजी वाटली म्हणूनच वाढवत गेलात, हे मला पत्रातून दिसतंय.

घोटाळ्याचं मूळ मात्र प्रोबमध्ये आहे. प्रोब म्हणजे थर्मोस्टॅटचं बोट. ते बोट जिथं ठेवलंय तेवढंच त्याला कळतं. तुम्ही ते चार इंच कोकोपीटच्या वर ठेवलंत. कोरडं कोकोपीट उष्णता सहज पुढं जाऊ देत नाही, दुलईसारखं ती अडवून धरतं. तळाला मॅट तापते, काच तापते आणि वर प्रोबला अजून ३४ लागलेलं नसतं, म्हणून थर्मोस्टॅट मॅट चालूच ठेवतो. वर ३४ होईस्तोवर खाली ४३ झालेलं असतं. थर्मोस्टॅट बिघडलेला नाही. त्यानं सांगितलेलं काम चोख केलं, फक्त काम चुकीच्या जागी सांगितलं गेलं.

आणि इथं सापाच्या बाजूनं विचार करून बघा. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवसाचा बराच वेळ तो उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत काढतो. वर ऊन तापलं की खाली जायचं, खाली गारवा असतो, हे त्याला उपजत ठाऊक असतं. तुमच्या पेटीत नेमकं उलटं घडलं. तिला गरम झालं, ती खाली शिरली, आणि जसजशी खाली गेली तसतशी जमीन जास्त पोळू लागली. जिथं गारवा मिळायचा तिथंच चटका बसला. त्या लपणीकडे तिनं पाठ फिरवली यात मला नवल वाटत नाही. पाण्याच्या भांड्यात जाऊन बसणंही मी याच खात्यात धरीन. तरी एकदा भांड्यातलं पाणी पांढऱ्या कागदावर ओतून बारीक काळे ठिपके दिसतात का ते बघा. गोचिडीसारख्या बारीक किडी अंगावर असल्या तरी साप पाण्यात बसतात. कात टाकायची वेळ जवळ आली तरी बसतात, पण तेव्हा डोळे दुधाळ दिसतात.

तुम्ही सगळ्या पत्रात एक गोष्ट धरून चालला आहात, की ती खात नाही म्हणजे तिला थंडी वाजतेय. ऊब कमी पडली तर साप खाणं सोडतो हे खरं आहे, खाल्लेलं उलटून टाकतो हेही खरं. पण गरम जास्त झालं तरी तो खात नाही. असुरक्षित वाटलं तरी खात नाही. बॉल पायथन तर याबाबतीत इतका प्रसिद्ध आहे की धडधाकट प्रौढ साप काही महिने उपाशी राहिल्याची उदाहरणं पाळणाऱ्यांना सर्रास माहीत असतात. तेव्हा पाच आठवड्यांच्या उपासानं हादरून जाऊ नका. त्यापेक्षा वजन बघा. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. दर पंधरा दिवसांनी वजन लिहून ठेवा. सुरुवातीच्या वजनातून दहा टक्क्यांच्या आसपास घट झाली, पाठीचा कणा वर येऊन दिसू लागला, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास, श्वासाबरोबर शीळ, नाकातोंडात बुडबुडे-चिकटा असं काही दिसलं, तर थांबू नका, पशुवैद्य गाठा.

दादाच्या बोलण्याकडे येते. जंगलात थर्मामीटर नसतो, बरोबर आहे त्यांचं. पण तिथं आणखीही एक गोष्ट नसते, ती म्हणजे काचेची भिंत. १९४४ साली रेमंड कावल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तापमानावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे प्राणी हवामान देईल ते तापमान मुकाट्यानं सोसत नाहीत, ऊन-सावलीत ये-जा करून आपल्या अंगाचं तापमान एका मर्यादेत राखतात, हे त्यांनी दाखवलं. सावलीत जायची वाट बंद झाली की उन्हात ते तग धरत नाहीत, हेही दिसलं. म्हणजे सापाच्या अंगचा थर्मोस्टॅट त्याच्या हालचालीत असतो. आपण त्याला तीन फुटांच्या पेटीत ठेवलं की ती हालचाल तीन फुटांची झाली. त्या तीन फुटांत गरम ते गार अशी खरी उतरंड आहे की नाही, हे बघायला आपल्याला थर्मामीटर लागतो. दादाला एवढं सांगितलंत तर मला वाटतं त्यांनाही पटेल.

मला स्वतःला फार आवडणारा एक अभ्यास १९८९ सालचा आहे. कॅलिफोर्नियातल्या ईगल लेकजवळ गार्टर साप कोणत्या दगडांखाली आसरा घेतात ते अभ्यासकांनी पाहिलं आणि त्या दगडांखालचं तापमानही मोजलं. पातळ दगड दिवसा फार तापतात आणि रात्री फार गार पडतात. खूप जाड दगड पुरेसे तापतच नाहीत. सापांची पसंती मधल्या जाडीच्या, साधारण २० ते ४० सेंटिमीटरच्या दगडांना होती. त्यांच्याखाली त्यांना दीर्घकाळ हवं तसं तापमान मिळत होतं. दगडाच्या जाडीचा इतका बारकावा सापाला कळतो, आणि आपल्या पेटीतही थराची जाडी हीच निर्णायक ठरली, नाही का?

म्हणून "नेमका किती आकडा लावू" या प्रश्नातला "आकडा" मला थोडा खटकतो. पेटीला एक तापमान नसतं, आणि नसावंच. बॉल पायथनसाठी गरम लपणीच्या जमिनीवर ३१ ते ३३, गार बाजूला २४ ते २७, रात्री गार बाजू २२-२३ पर्यंत उतरली तरी निरोगी सापाला चालते, आणि त्याचं अंग टेकेल अशा कुठल्याही जागी ३५ च्या वर नको. या शेवटच्या अटीला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देते. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाला याहून कमी ऊब लागते, गरम जागा २९ ते ३१ आणि गार बाजू २२ ते २५ अशी. बाकी सापांसाठी त्या त्या जातीची गरज आधी नीट पाहावी, एकाचे आकडे दुसऱ्याला लावू नयेत. आणखी एक साधी गोष्ट: कुठं ९० वगैरे आकडा वाचलात तर तो फॅरनहाइटमधला असतो. ९० फॅरनहाइट म्हणजे ३२ सेल्सिअसच्या किंचित वर.

आता मांडणी. कोकोपीट पूर्ण काढू नका, तिला शिरायला आवडतं. फक्त मॅटच्या वरच्या भागातलं एक-दीड सेंटिमीटरवर आणा आणि उरलेलं गार बाजूला सारा. तिकडं चार इंच राहू द्या, आता तिथं खाली गेलं की खरोखर गारवा लागेल. मॅट तळाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भागाखाली नको, नाहीतर गार बाजू गार राहत नाही. पेटी सपाट टेबलावर असेल तर चार कोपऱ्यांखाली छोट्या टेकू-पट्ट्या द्या, म्हणजे मॅटखालची उष्णता कोंडून काच तडकणार नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब कोकोपीटच्या खाली, मॅटच्या बरोबर वर, आतल्या काचेला टेकवून पक्का बसवा. ग्लू गननं लावलेला डिंक थंड होऊन घट्ट झाला की तो धरून ठेवतो. चिकटपट्टी अजिबात वापरू नका.

चिकटपट्टीबद्दल इतक्या ठासून सांगते त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडच्या कॉर्न स्नेकच्या पेटीत मी प्रोब चिकटपट्टीनं लावला होता. पट्टी ओलाव्यानं सुटली. सापाच्या वावरण्यात प्रोब सरकला आणि पाण्याच्या भांड्यात जाऊन पडला. थर्मोस्टॅटला वाटलं पेटी गार पडलीय, आणि तो रात्रभर मॅट पूर्ण जोरात चालवत राहिला. सकाळी पोटाखालचे खवले लालभडक झालेले होते. बरं व्हायला कित्येक महिने गेले, दोन-तीन काती टाकून झाल्यावर कातडी सावरली, डाग मात्र कायमचे राहिले. तेव्हापासून प्रोब नीट बसला आहे की नाही हे बोटानं हलवून बघितल्याशिवाय मी पेटी बंद करत नाही. चिकटपट्टी सापाच्या अंगाला लागली तर खवले आणि कातडी सोलून निघते, ते वेगळंच.

प्रोब बसला की थर्मोस्टॅट ३२ वर लावा, आणि मग दुसरा, वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्या, ज्याची वायर लांब आहे असा. त्याचा प्रोब गरम लपणीत, साप जिथं पोट टेकेल बरोबर त्या जागी कोकोपीटवर ठेवा. चार-पाच तास जाऊ द्या. तिथं ३० दिसलं तर थर्मोस्टॅट एक अंशानं वाढवा आणि पुन्हा चार-पाच तास थांबा. थर्मोस्टॅटवर ३३-३४ लावल्यावर लपणीत ३१-३२ मिळतं, असं काहीसं निघेल. थर्मोस्टॅटवरचा आकडा हा फक्त मॅटचा कान पिळण्यासाठी आहे, सापाचं तापमान म्हणून त्याच्याकडे बघूच नका. तळाच्या काचेवर मात्र ३५ ओलांडू देऊ नका. लपणीत ३१ येण्यासाठी काच ३५ च्या पुढं न्यावी लागत असेल तर थर अजून पातळ करा. साप त्या काचेपर्यंत पोचतो, हे आपण पाहिलंच. तोही थर संपून काही जमत नसेल तर ती पेटी मॅटवर भागणारी नाही.

टेम्परेचर गनबद्दल थोडं, कारण ती हातात आली की माणूस दिसेल तिथं तिचा लाल ठिपका मारत सुटतो. ती फक्त पृष्ठभाग मोजते. हवेचं तापमान तिला कळत नाही. काचेबाहेरून आत धरलीत तर ती बाहेरच्या काचेचं तापमान सांगेल, आतल्या सापाचं नाही, म्हणून झाकण उघडून मोजायचं. चकचकीत धातूवर ती चुकते, कारण धातू आपली उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. आणि अंतर. गनवर १२:१ लिहिलेलं असेल तर १२ सेंटिमीटरवरून ती सुमारे १ सेंटिमीटर रुंद जागेची सरासरी सांगते, तर एक मीटरवरून धरलीत की आठ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या वर्तुळाची. लाल ठिपका फक्त दिशा दाखवतो, मोजणारं वर्तुळ त्याहून मोठं असतं. तळहाताएवढ्या अंतरावरून, दोन-तीन ठिकाणी मोजा. तुमचं ४३ बहुधा खरंच होतं. काच आणि कोकोपीट दोन्हींवर गन विश्वासानं चालते.

तरीही एकदा उपकरणांची परीक्षा घ्याच. पेलाभर बर्फाचा चुरा, त्यात बर्फ बुडेल इतपत गार पाणी, ढवळून दोन मिनिटं थांबा, त्यात पाणी चालणारा प्रोब मधोमध धरा. शून्य यायला हवं. अर्धा-एक अंश फरक चालतो, तो लिहून ठेवा. पण आपल्याला शून्याशी काम नाही, तीस-पस्तिसाच्या आसपास काम आहे. म्हणून मला दुसरी रीत जास्त उपयोगाची वाटते. कोमट पाणी करा, त्यात घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि पेटीतला प्रोब शेजारीशेजारी धरा. ताप मोजायचा थर्मामीटर त्याच पट्ट्यात फार बारीक मोजतो. तो ३६.५ म्हणतोय आणि तुमचा प्रोब ३८ म्हणतोय, तर तुमच्या प्रोबचे दीड अंश वजा करायचे हे कळलं. काट्याचा थर्मामीटर या परीक्षेला बसवूही नका, तो काढून टाका.

मॅट की वरून दिवा, हेही अनेकांना पडणारं कोडं आहे. माझं मत असं: लहान पेटी आणि बिळात राहणारा साप असेल तर मॅट बिनदिक्कत चालते, पण हिवाळ्यात खोलीच गार पडत असेल तर ती हवा सावरू शकत नाही आणि मग आपण तुमच्यासारखं तिला वाढवत सुटतो. अशा वेळी वरून उष्णता देणं बरं. दिवसा हॅलोजन दिवा चालतो, त्याची उष्णता उन्हासारखी शरीरात थोडी खोल जाते. रात्री ऊब हवीच असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावावा, त्याचा सॉकेटही सिरॅमिकचाच असावा. लाल दिवा सापाला दिसत नाही, ही समजूत सोडून द्या, त्यानं रात्रीची रात्र राहत नाही. वरून दिलेल्या प्रत्येक उष्णतेभोवती तारेची जाळी हवी, कारण साप दिव्याला वेटोळं घालून बसतो आणि भाजतो. दिव्याला मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट लागतो. मॅटला आणि सिरॅमिकला चालू-बंद होणारा किंवा पल्स (वीज थोड्या थोड्या झटक्यांनी सोडणारा) थर्मोस्टॅट पुरतो. जाळीचं झाकण असेल तर उष्णता आणि ओलावा दोन्ही वर निघून जातात, हवा खेळती राहील इतकी जागा सोडून बाकी झाकण झाका. आतून तापणारे खोटे दगड मिळतात, ते मी कोणालाही सुचवणार नाही. आणि काचपेटीवर थेट ऊन कधीच येऊ देऊ नका, बंद काचेत थोड्या वेळात जिवावर बेततं.

लोकरीच्या कापडाचा विचार मनात आला तो मायेपोटी, पण त्याचा उपयोग नाही. पांघरूण आपल्याला ऊब देत नाही, आपल्याच अंगची ऊब अडवून धरतं. सापाच्या अंगात अडवण्याजोगी ऊब तयारच होत नाही. याला एक सुंदर अपवाद आहे: अंड्यांना वेटोळं घालून बसलेली बर्मीज अजगराची मादी स्नायू आखडून-सैलावून स्वतः उष्णता निर्माण करते, आणि १९६६ साली हे रीतसर मोजून प्रसिद्ध झालं. तुमच्या मादीला तशी सोय नाही. तिला ऊब हवी तर ती बाहेरूनच यायला हवी. वीज गेली तर मात्र कापड पेटीच्या बाहेरून गुंडाळा, हवेची भोकं मोकळी ठेवून. आणि वीज भरवशाची नसेल तेव्हा तिला खायला घालू नका.

"तिला कळत कसं नाही, की हे पोळतंय?" असं तुमच्या मनात आलंच असेल. तिच्या वरच्या ओठावर बारीक खळगे दिसतील. त्यांतून तिला उंदराच्या अंगची ऊब अंधारात जाणवते. २०१० साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं या जाणिवेमागचं टीआरपीए१ नावाचं प्रथिन शोधून काढलं. त्याच ज्युलियस यांना तापमान आणि स्पर्शाच्या जाणिवेवरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. इतकी तल्लख जाणीव असूनही साप पोटाखालच्या तापलेल्या पृष्ठभागावरून वेळेत उठत नाही आणि भाजतो, हे पशुवैद्यांना वारंवार दिसतं. तेव्हा "जास्त झालं तर सरकेल ती" या भरवशावर कोणीच राहू नये. तुमची मादी सरकली, हे तिचं आणि तुमचं भाग्य.

आणखी एक. गरम आणि गार दोन्ही बाजूंना एकसारख्या, अंगाला घट्ट लागतील अशा लपणी हव्यात. एकाच बाजूला चांगली लपण असेल तर साप ऊब सोडतो पण लपण सोडत नाही. मग तो गार बाजूला बसलाय तो गारव्यासाठी की आडोशासाठी, हे आपल्याला ओळखता येत नाही. तुमच्या पत्रात डाव्या लपणीचा उल्लेख नाही, कोपरा म्हणालात. नसेल तर आजच ठेवा, उलटा केलेला, तोंड कापलेला प्लास्टिकचा डबाही चालेल.

रात्री उठणं थांबवा, असं नुसतं सांगून ते थांबणार नाही, म्हणून त्या उठण्याचं काम उपकरणाला द्या. दिवसभरातलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारे थर्मामीटर मिळतात. एक गरम लपणीत, एक गार बाजूला. झोपताना नोंद पुसा, सकाळी वाचा. रात्रभरात काय झालं ते तुम्हाला झोपेत असतानाही कळलेलं असेल. आठवडाभर सकाळ-दुपार-रात्र वहीत लिहा, त्यानंतर दिवसातून एकदा पुरे. थर्मोस्टॅट कधी ना कधी बिघडू शकतो, आणि बिघडताना तो चालूच राहिला तर घात होतो. म्हणून जमल्यास दुसरा साधा थर्मोस्टॅट पहिल्याच्या मागे जोडा. त्याचा प्रोब पहिल्याच्या शेजारीच लावा आणि तो दोन-तीन अंश वर ठेवा. पहिला अडकला तरी दुसरा वीज तोडेल. वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे सांडलेलं पाणी वायरवरून प्लगमध्ये उतरणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, साप सांभाळता येतो का. ज्या मुलीनं कोकोपीट उकरून तळाची काच मोजली तिला येतो. बहुतेक जण वरचा ३४ बघून थांबले असते. दादाला पेटीशी बोलवा, त्यांच्या हातात गन द्या आणि कोकोपीटच्या वर आणि खाली मोजायला सांगा.

नवी मांडणी लागल्यावर आठ-दहा दिवस तिला हातात घेऊ नका, पोट बघण्यापुरतंच उचला. तापमान आठवडाभर जागेवर राहिलं की नेहमीपेक्षा थोडं लहान भक्ष्य द्या, संध्याकाळी उशिरा. नाही घेतलं तर काढून घ्या आणि दहा-बारा दिवस मागे लागू नका. ती आधी आपल्या पावलानं गरम लपणीत परत जाते का, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. गेली, की कळवा. सोबत वहीतले पहाटेचे आकडे आणि तिचं वजनही लिहा.